पहिला हात एल्विराचा

१

पहिला हात एल्विराचा. हा त्या घरातला नियम होता, आणि तो कशासाठी हे विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग.

बोग्ना पिका कातोवित्सेला काकांकडे कामाला आली, त्या सकाळी कोट काढायच्या आतच तिला हे ऐकवण्यात आलं. आलोझ काका पूर्वी कोळशाच्या खाणीत उपकरणं दुरुस्त करायचे. खाण बंद झाली तेव्हा त्यांनी लाल विटांच्या त्या कामगारवस्तीत, तळमजल्यावरच्या आपल्याच घरात, माऊस तपासायचा धंदा काढला. संगणकावर खेळणाऱ्या पोरांचे माऊस. माल बाजारात आणण्याआधी कंपन्या नमुने पाठवत. काका ते जोखून अहवाल लिहीत, आणि मग तोच अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर चढे. तो वाचल्याशिवाय माऊस विकत न घेणारी पोरं पार अथेन्सपर्यंत होती. प्रत्येक अहवालाच्या तळाशी एकच ओळ असे: तपासणी, एल्विरा पिका.

एल्विरा ही काका-काकूंची एकुलती एक मुलगी. संगणकाच्या खेळांच्या स्पर्धा खेळायची. शहरातल्या त्या मोठ्या गोल सभागृहात हजारो माणसं तिच्या नावानं ओरडायची. मग एका नाताळाच्या तोंडावर आईबापांशी कडाक्याचं भांडून ती लिस्बनला निघून गेली. ती गेली, पण तिची सही राहिली.

बोग्नाला हे नवीन नव्हतं. लहानपणी तिनं एल्विराचे जुने कोट घातले होते, एल्विराच्या जुन्या सायकलीवर गुडघे फोडून घेतले होते. एकदा कुणाच्या तरी बारशाला त्रूदा काकूंनी दोघींचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सगळ्या पाहुण्यांना दाखवले होते. "हा बघा, कसा पियानो वाजवणारीचा. आणि हा," काकू हसून म्हणाल्या होत्या, "कणीक मळायला चांगला."

तेव्हा बोग्ना नऊ वर्षांची होती. त्यानंतर तिनं ग्लिवित्सेच्या तंत्रविद्यापीठात पदवी घेतली, सेन्सरवर प्रबंध लिहिला. पण कणीक मळताना अजूनही तिला आपल्या हातांचा राग येई.

२

नवा माऊस मंगळवारी आला. पांढरा, वायरचा. सगळे बिनवायरच्या मागे लागलेले असताना कुण्या छोट्या कंपनीनं मुद्दाम वायर ठेवली होती. बॅटरी नाही म्हणून वजन नाही, आणि वजन नाही म्हणून किंमतही नाही. खिशात फारसं काही नसलेल्या पोरांसाठी हीच तर गोष्ट होती. बोग्नानं खोक्याच्या फटीतून तो पाहिला आणि तिची बोटं शिवशिवली. अंड्याच्या टरफलासारखा पातळ. वायर बुटाच्या नाडीसारखी विणलेली, मऊ.

"काका, हा आधी मी बघते. फक्त वजन करते."

"पहिला हात कुणाचा?"

"काका, ती इथे नाहीये."

"ते मी विचारलं नाही. हात कुणाचा, एवढंच विचारलं."

त्यांनी सुती हातमोजे घातले, माऊस दोन्ही तळहातांवर घेतला आणि आतल्या खोलीत गेले. ती एल्विराची खोली. तिथे तिचं टेबल, तिचा संगणक, तिची खुर्ची. बोग्नानं ती उघड्या दारातून ओझरती पाहिलेली होती, तेवढीच. काका बाहेर आले, दार लावून घेतलं आणि दारासमोरच्या स्टुलावर बसले. काकूंनी कॉफी केली, केकचे तुकडे कापले. रोजच्यासारखं.

आतून क्लिक ऐकू येऊ लागले.

"बटणं तपासायचं यंत्र लावलंय," काका म्हणाले. हे ते दर वेळी म्हणत, आणि बोग्ना दर वेळी मान डोलवी. पण काल संध्याकाळी केर काढताना तिला ते यंत्र दिसलं होतं. तिच्याच टेबलाखाली, गुंडाळलेल्या वायरीसकट, धुळीत.

तिनं कप खाली ठेवला आणि नीट ऐकलं. यंत्राचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसुरी असतो. हा तसा नव्हता. एकदम सरसर आठ-दहा क्लिक, मग शांतता, मग एकच. पुन्हा शांतता. मग घाईघाईनं दोन. आतमध्ये कुणीतरी दबा धरून बसलं होतं, नेम धरत होतं, चुकत होतं, पुन्हा नेम धरत होतं.

कॉफी संपली. काका आत गेले आणि माऊस घेऊन बाहेर आले.

"डावं बटण ठीक. तळ छान सरकतो. वायर गळ्याशी जड आहे," त्यांनी सांगितलं. "आता तू आकडे भर."

बोग्नानं माऊस हातात घेतला. तो कोमट होता.

आता, माऊस थोडाफार गरम होतोच. आत वीज खेळते. तिनं स्वतःला तसं समजावलं. पण वीज खेळते तिथे, पोटाशी, गरम होतो. हा पाठीवर गरम होता, जिथे तळहात टेकतो तिथे. आणि पांढऱ्या टरफलावर पुसट ठसे होते. अंगठा, त्याच्या समोर दोन बोटं, आणि दोन्ही बटणांवर एकेक. घाम नुकता वाळत होता.

काकांच्या उजव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. ती दोन्ही खाणीत गेली होती. शिवाय ते मोजे घालून गेले होते. काकू तर बोग्नासमोर बसून केक खात होत्या.

बोग्नानं हळूच आपली बोटं त्या ठशांवर ठेवून पाहिली. ठसे लांब होते. तिची बोटं प्रत्येक ठशाच्या अलीकडेच संपत होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला भीती नाही वाटली. पोटात जुना, ओळखीचा जळफळाट उठला. म्हणजे ती इथे येते. चोरून येते, मागच्या अंगणातून, खिडकीतून, कशीही, आणि हे दोघं मला मूर्ख समजतात.

तिनं तो माऊस स्पिरिटनं पुसला. वजन केलं, हलवून आतलं काही वाजतंय का ते पाहिलं, दाबून टरफल कुरकुरतं का ते ऐकलं. वायर तिला कुठेच जड लागली नाही. तासभर प्रयत्न केला तरी नाही. शेवटी तिनं लहान वजनांचा ताण देऊन मोजलं तेव्हा कळलं. जिथे वायर माऊसच्या आत शिरते तिथे ती केसभर जास्त ताठ होती. मोजल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं.

अहवालाच्या तळाशी काकांनी लिहिलं: तपासणी, एल्विरा पिका.

३

रविवारी जेवणानंतर एल्विराचा फोन येई. बटाट्याचे गोळे, मांसाची गुंडाळी आणि लाल कोबी संपला की काकू टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवत आणि पडद्याकडे देवाच्या तसबिरीकडे बघावं तशा बघत बसत. पडद्यावर एल्विराचा डावा खांदा आणि हसरा चेहरा, मागे लिस्बनचं ऊन. म्हणजे ती तिथेच होती. बोग्नाची चोरून येण्याची कल्पना एका रविवारात ढासळली.

भांडी घासायचं निमित्त करून बोग्ना टॅबलेटच घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि पायानं दार लोटून दिलं.

"माऊस तू तपासतेस?"

"मी?" एल्विरा म्हणाली. "मी बूट विकते, बोग्ना. बायकांचे. वर मोज्याची जोडी फुकट."

"मग खाली तुझं नाव का असतं?"

"बाबांना विचार की."

"विचारायचं नाही असा नियम आहे."

"हो का. माझ्या वेळी नव्हता." एल्विरानं कप उचलला, डाव्या हातानं. थोडी कॉफी हनुवटीवर सांडली.

बोग्नाच्या आत्ता लक्षात आलं, की फोन सुरू झाल्यापासून उजवा हात एकदाही पडद्यावर आला नव्हता. "उजवा हात कुठाय तुझा?"

"आहे. मांडीवर."

"दाखव."

"झोपलाय." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "रोज नाही झोपत. मधेच कधीतरी, सकाळी, कॉफीच्या वेळेला. मग दुपारपर्यंत जड होऊन पडून राहतो. या वेळी मंगळवारपासून उठलाच नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. परवा एका बाईंच्या पायात एकट्या डाव्या हातानं बूट चढवताना तो गळून पडला. तिकडे मंगळवारी काही आलं होतं का गं? पांढरं, हलकं?"

बोग्नानं टॅबलेट ओट्यावर टेकवून ठेवला.

"वायर गळ्याशी जड होती," एल्विरा म्हणाली.

बापानं फोनवर सांगितलं असणार. दुसरं काय. बापलेकीचं साटंलोटं आहे, नाव टिकवायचं म्हणून. बोग्नानं हे मनात घट्ट बांधून घेतलं, पण गाठ सैल पडत होती. ठसे फोनवरून उमटत नाहीत.

"बोग्ना, खरं सांग. तुला ती जागा हवीय ना?"

"हो," बोग्नाच्या तोंडून निघून गेलं. "लहानपणापासून. तुझं सगळं मला जुनं झाल्यावर मिळालं, आणि हे तर तू टाकून दिलंस तरी मिळत नाहीये."

"माहितेय मला. मला तुझं हवं होतं. तुला कॉलेजात घातलं, मला पडद्यासमोर बसवलं." एल्विरानं कप खाली ठेवला. "आत जाऊ नकोस."

एल्विरानं जे सांगायला नको होतं ते नेमकं हेच. माझ्या खोलीत जाऊ नकोस, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस. आयुष्यभर बोग्नानं हेच ऐकलं होतं.

४

कंपनीनं वायर बदलून दुसरा नमुना पाठवला, तो नेमका संत बार्बाराच्या दिवशी सकाळी आला. खाणवाल्यांचा सण. काका काळ्या गणवेशात, डोक्यावर पिसांचा तुरा, निम्मे दाराबाहेर. चौकात बँड जमत होता. ते लगबगीनं परत फिरले, माऊस आत नेऊन जोडला आणि पहिल्यांदाच दारासमोर न बसता निघाले.

"कुणी आत जायचं नाही," ते म्हणाले. "प्रार्थना झाली की येतोच."

"मी इथे बसते की स्टुलावर," बोग्ना म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग डोक्याला रुमाल बांधला आणि त्याही गेल्या.

बोग्ना स्टुलावर बसली. बाहेर बँड सुरू झाला, तुताऱ्या आणि मोठा ढोल, आणि त्यातूनही आतला आवाज येत होता. क्लिक, क्लिक. ऐकता ऐकता तिला एक गोष्ट जाणवली आणि तिचा चेहरा तापला. जे कोणी आत होतं ते फार चांगलं खेळत होतं. त्या थांबण्यात आणि तुटून पडण्यात एक डौल होता. तो तिच्या हातात कधीच येणार नव्हता.

तिनं दार उघडलं.

खोली लख्ख होती. खिडकीतून हिवाळ्याचा पांढरा उजेड टेबलावर पडला होता. पडद्यावर सरावाचा खेळ चालू. काळ्या भिंतीवर ठिपके उमटत होते आणि फुटत होते. खुर्ची रिकामी. टेबलावर माऊस सरकत होता.

ती दारातच थांबली. लबाडी शोधायची तर आत्ताच, असं तिनं स्वतःला बजावलं. खाली चुंबक असेल. एखादी बारीक मोटर. ती वाकून बघायला दोन पावलं पुढे गेली, आणि तिचं लक्ष माऊसवरून त्याच्या मागच्या पॅडवर गेलं.

मऊ कापडी पॅड होतं ते. माऊसच्या मागे, जिथे मनगट टेकतं तिथे, ते दबलेलं होतं. पेल्याच्या बुडाएवढा खोलगट खळगा. माऊस डावीकडे सरकला की खळगाही डावीकडे सरके, आणि आधीची जागा हळूहळू फुगून वर येई. पांढरं टरफल इतकं पातळ होतं की दोन्ही बाजूंनी किंचित आत चेपलेलं दिसत होतं. धरलेलं.

अशा वेळी कुणीही शहाणं माणूस पळालं असतं. बोग्नाला पहिली भावना झाली ती अशी, की इथेही ती जागा दुसऱ्याच कुणी तरी घेतलेली आहे. घरच्या माणसानंही नाही. ज्याला नाव नाही, तोंड नाही, त्यालासुद्धा माझ्याआधी बसवलं.

तिनं हात पुढे केला आणि माऊसवर ठेवला.

काहीच विरोध झाला नाही. उलट जागा करून दिल्यासारखं झालं. तिच्या तळव्याखाली कोमट टरफल होतं, वायर नसल्यासारखी हलकी, आणि ठिपका उमटायच्या आधी तिला तो कुठे उमटणार हे कळत होतं. बोट दाबलं जाई, ठिपका फुटे. पुन्हा. पुन्हा. तिचा आखूड, जाडसर, कणीक मळणारा हात पडद्यावर नाचत होता. तिला हसू फुटलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ती जळली ते हे होतं, आणि ते इतकं सोपं होतं.

मग तिनं हात उचलायचा म्हटलं. खांदा मागे गेला, कोपर मागे गेलं, हात तिथेच राहिला.

दुखलं नाही. तो खेळत होता. तिच्या मनगटावर, आत, दुसरं मनगट असावं तसा भार होता, आणि तिच्या बोटांच्या टोकांशी हळूहळू ताण येत होता. बोटं आहेत त्याहून लांब करून कुणीतरी ती आपल्या मापात बसवत होतं.

तिनं डाव्या हातानं वायर पकडली आणि संगणकातून हिसकून काढली. पडदा थिजला. तिचा हात सुटला आणि टेबलावर आपटला. पॅडवरचा खळगा मात्र भरून आला नाही. तो वळला, तिच्या दिशेनं, आणि वाट बघत बसला.

५

काका-काकू परतले तेव्हा बोग्ना जेवणाच्या टेबलाशी बसली होती. आतलं दार सताड उघडं. तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मेजपोसावर आपोआप टपटपत होतं आणि ती ते डाव्या हातानं दाबून धरत होती.

काकांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे. तुरेवाली टोपी काढून त्यांनी हलकेच खुर्चीवर ठेवली. दोघांपैकी कुणी रागावलं नाही. तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

टॅबलेट वाजला. रविवार नसताना एल्विरा. काकूंनी तो उचलला, आणि पडद्यावर एक हात आला, उजवा, बोटं उघडत मिटत असलेला. मागून एल्विरा रडत होती, हसत होती, तिलाच कळत नव्हतं. "आई, उठला. आत्ता उठला. कप धरला मी. आई, तिकडे कोण बसलं?"

काकूंनी टॅबलेट पालथा ठेवला. डोळे पुसले.

"मी नुसती जागा मांडली होती गं," त्या बोग्नाला म्हणाल्या. "नाताळाच्या आदल्या संध्याकाळी आपण एक ताट जास्तीचं मांडतो ना, येईल त्याच्यासाठी. त्या वर्षी ती आदल्याच दिवशी निघून गेली होती. मी म्हटलं, ताट कशाला, ती काय ताटाला येणार आहे. तिच्या टेबलावर तिचा माऊस जोडून ठेवला. खुर्ची ओढून ठेवली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"ताट दुसऱ्या दिवशी उचलतात. मी नाही उचललं." काकूंनी रुमालाची गाठ सोडली. "आठवड्यानं उचलायला गेले तर माऊस गरम होता."

"ते ती नाहीये, काकू."

"बाहेरून आवाज तिचाच येतो. घरात असल्यासारखी वाटते."

"कोण आहे ते विचारलंत कधी?"

"आलेल्याला विचारायचं नसतं," काका म्हणाले. "आणि त्याचं काही वाईट नाही. हात तेवढा लागतो, तोही सकाळचा. तपासून झालं की काय ते पडद्यावर लिहून ठेवतो. एक अहवाल चुकला नाही आजपर्यंत." ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते. "बोग्ना, तुला त्यानं घेतलं. तिला सोडलं आणि तुला घेतलं. आजपासून खाली नाव तुझं. तपासणी, बोग्ना पिका. मी आत्ता बदलतो, तुझ्यासमोर. जुने अहवाल राहू देत तिचे, पुढचे सगळे तुझे."

"तुझा हात सरस निघाला म्हणायचा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच तिचा हात हातात घेतला, बारशाच्या पाहुण्यांना दाखवावा तसा.

बोग्नाला तेव्हा हो म्हणावंसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या छातीत काहीतरी गोड पसरलं, आणि तिच्या बोटानं काकूंच्या तळव्यावर दोनदा टपटप केलं, जणू तेच तिच्या वतीनं हो म्हणत होतं. ते बोट तिला ओळखू आलं नाही. तिनं हात सोडवून घेतला.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तिला परत?" काका म्हणाले. "ऐकलंस ना आत्ता, कशी रडत होती. तू नाही म्हटलंस तर तो तिच्याकडेच जाणार."

"तिलाही नाही. ती जागा उचला. आज, आत्ता."

"उचलता येत नाही, पोरी. आम्ही करून बघितलं. टेबल-खुर्ची काढली तर तो दारापर्यंत येतो. कुणीतरी बसावं लागतं."

"मग तुम्ही बसा."

काकांनी न कळल्यासारखं पाहिलं.

"तुम्ही दोघं आहात की घरात," बोग्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "जागा तुम्ही मांडलीत. पाहुणा तुमचा. मुलीचा हात चालतो, तिचा संपला की पुतणीचा चालतो, मग तुमचा का नाही? बोटं कमी आहेत म्हणाल, तर काकूंची दहा आहेत. इतकी वर्षं स्टुलावर बसून कॉफी पिताय, एकदाही आत जाऊन स्वतःचा हात ठेवून पाहिलात? नाही ना? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ते काय आहे हे नसेल ठाऊक, पण आपला हात तिथे ठेवायचा नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. मी नाही बसणार. नाव माझं टाकलंत तरी नाही. मी वायर परत लावून देते आणि कॉफीही करते. आज तुमच्यापैकी एकानं आत जायचं."

ती उठली आणि उघड्या दाराशी जाऊन एका बाजूला उभी राहिली, वाट करून देण्यासाठी.

चौकातला बँड कधीच थांबला होता. काकू टेबलाकडे बघत होत्या. त्यांनी आधी एक हात मेजपोसाखाली घेतला, मग दुसरा. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तीन बोटांचा आपला हात हळूच गणवेशाच्या खिशात घातला.